जागेसाठी झगडलेले संग्रहालय

सोनिवली, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात राहणाऱ्यांना अंबरनाथचे शिवमंदिर घरचेच. त्या मंदिरातील शिलालेखाचे वाचन एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी केले आणि त्यातील शकवर्ष ७८२ असल्याचे सांगितले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख नव्याने तपासून ते ९८२ असल्याचे दाखवले. मंदिर इ. स. १०६० चे, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातले ठरले. एका अंकाने दोनशे वर्षांचे अंतर! दगड जागेवर शाबूत होता, म्हणून ही दुरुस्ती होऊ शकली.

ज्या वस्तूला हक्काची जागा नसते तिच्या नशिबी अशी फेरतपासणी येत नाही. भाऊ दाजींचेच नाव लाभलेल्या भायखळ्याच्या संग्रहालयाची कहाणी याच कारणाने सांगण्याजोगी आहे. आपल्याच लोकलने जायचे, भायखळ्याला उतरायचे. राणीच्या बागेच्या आवारात मुंबईतले हे सर्वांत जुने संग्रहालय उभे आहे.

मात्र त्याचा जन्म भायखळ्याचा नव्हे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी कारागिरीचे आणि व्यापारी मालाचे नमुने जमवण्यात आले. त्यांतील दुसऱ्या प्रती मुंबईतच ठेवून किल्ल्यातील टाउन बरॅक्समध्ये छोटेसे संग्रहालय मांडले गेले. दोन वर्षांत १८५७ चा उठाव झाला. सैनिकांसाठी बराक तातडीने रिकामी करण्याचा हुकूम सुटला, संग्रह अक्षरशः बाहेर फेकला गेला आणि त्यातला बराच भाग कायमचा नष्ट झाला. त्या ढिगाऱ्यात काय काय होते, हे आता कोणीही पुन्हा तपासू शकत नाही.

उरलेसुरले सावरून डॉ. जॉर्ज बर्डवूड यांनी स्वतंत्र इमारतीचा ध्यास घेतला. जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी आदी शहरातील मातब्बर मंडळी वर्गणीसाठी पुढे सरसावली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी पायाभरणी केली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, शेअरबाजार कोसळला आणि संग्रहालयाचे कामही रखडले. शेवटी सरकारला हात द्यावा लागला. सुमारे ४ लाख ३० हजार रुपये खर्चून झालेली ही वास्तू २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने खुली झाली. १९७५ मध्ये तिला भाऊ दाजींचे नाव मिळाले.

नाव बदलले, तरी वास्तूची दशा पालटली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती पार खंगली होती. पालिकेच्या ताब्यातील वास्तू अशा का खंगतात, हे मुंबईकराला सांगायला नको.

फेब्रुवारी २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि ‘इंटॅक’ यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. माझ्या मते या जीर्णोद्धारातली सर्वांत नवलाची गोष्ट हा कागदच आहे. पालिकेने मालकी राखली, पण एकहाती कारभार सोडला. अशी उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी आणि तस्नीम झकारिया मेहता यांच्या देखरेखीखाली रंगांच्या थरांखालची मूळ नक्षी शोधली गेली. बिडाचे खांब, मिंटन फरशा आणि सोनेरी मुलामा पुन्हा उजळला. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. संग्रहालय मात्र प्रेक्षकांसाठी उघडले जानेवारी २००८ मध्ये. मधला काळ वस्तूंचा होता, आणि ते काम भिंतींपेक्षा चिकट असते.

इथे एक आक्षेप घेता येतो. स्वतंत्र भारतात इतक्या कष्टाने राणीच्या काळातलाच दिमाख का परत आणायचा? आक्षेप पोकळ नाही. पण भारतीय कारागिरांच्या आणि जातीजमातींच्या मातीच्या प्रतिकृती काचेच्या कपाटात मांडणारी ती साहेबी नजर समजून घ्यायची, तर ती खोलीही जशीच्या तशी लागते. ती पुसून पांढरीशुभ्र दालने केली असती, तर प्रश्नच दिसेनासा झाला असता. शिवाय नूतनीकरणानंतर जितीश कल्लाट यांच्यासारख्या आजच्या चित्रकारांना याच कपाटांच्या सान्निध्यात काम मांडायला बोलावले गेले. जुन्या नजरेला उत्तर त्याच दालनात मिळाले.

मग जागेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. इमारतीमागच्या भागात प्रदर्शनांसाठी जागा केली गेली, पण ती पुरेशी नव्हती. नव्या उत्तर विभागासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि २०१४ मध्ये अमेरिकन वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. तो कागदावरच राहिला.

संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले ते याच्यावरून. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो पडून फुटला. ते तुकडे पुढे जोडले गेले. जवळ गेलात की सांधे शोधा, नीट दिसतात.