हत्तीची मोट आणि सर्वो मोटर

रहिमतपुरात बसून आपण सर्वो मोटरविषयी बोलतोय, तर सुरुवात गावातल्या हत्तीच्या मोटेपासूनच करू या. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या नावाशी जोडलेली मशीद आपल्या ओळखीची. तिच्याजवळच्या मनोऱ्याच्या उतारावरून हत्ती चाले आणि पाणी वर येई. ताकद हत्तीची, पण थांबायचं कुठं, हे पाहायला माणूसच लागणार. बैलांच्या मोटेवर तरी वेगळं काय होतं? थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज आला, की मोटकरी बैलं मागं घ्यायचा.

हे पाहणं यंत्राकडे कसं गेलं, हा आजचा विषय. वाफेच्या मोठ्या जहाजांचं सुकाणू हातानं वळेना. तेव्हा फ्रान्सच्या जोसेफ फार्को यानं ते काम वाफेवर सोपवलं. माणसानं चक्र जितकं फिरवावं तितकंच सुकाणू वळे, आणि तिथं पोचलं की वाफ आपोआप बंद! 1873 साली त्यानं यावर पुस्तक काढलं. 'सर्वो-मोटर' हा शब्द त्याच्या नावातच आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गुलाम. आम्हाला हे नाव फारसं पटत नाही. हा गडी नुसता हुकूम पाळत नाही, आपण कुठं उभे आहोत हेही तपासतो.

आता मुलांच्या विमानातली नऊ ग्रॅमची डबी उघडू. आत छोटी मोटर, वेग कमी करून जोर वाढवणारी दातेरी चाकं, आणि शेवटच्या दांड्याला जोडलेला पोटेन्शिओमीटर. जुन्या रेडिओचा आवाज वाढवायच्या बटणामागे असायचा, तोच. वायरी तीन: दोन विजेच्या, तिसरी हुकुमाची. तिच्यावरून दर 20 मिलिसेकंदांनी एक स्पंद येतो. तो 1.5 मिलिसेकंद टिकला तर दांडा मध्यावर. साधारण 1 आणि 2 ही दोन टोकं. हुकुमाची जागा आणि दांड्याची खरी जागा आतलं सर्किट ताडून पाहतं. फरक असेल त्या बाजूला मोटर फिरते, मिटला की थांबते. बोटानं दांडा ढकलून पाहा, तो उलटा जोर लावतो.

पण हा डोळा डबीतच राहतो. साध्या सर्वोची तिसरी वायर एकमार्गी असते, खालच्या माणसाला उलट निरोप नाही. दांडा अडकला तरी मोटर रेटत राहते, तापते, दाते तुटतात. मोटेचा नाडा अडकला तर बैलांच्या मानेला आणि मोटकऱ्याला तत्क्षणी कळायचं. आमच्या नातवाला कळलं ते विमान शेवग्यात गेल्यावर. अजून तिथंच आहे.