पोकळ वाद्याचं मोल

१९३६ साली अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने एक गिटार बाजारात आणली. तिचं नाव ईएस-१५०. ‘ईएस’ म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश, आणि १५० ही किंमत. गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोघांना जोडणारी वायर, सगळं मिळून साधारण दीडशे डॉलर. व्हायोलिनसारखी फुगीर छाती, तिच्यावर ‘एफ’ आकाराची दोन छिद्रं, आत नुसती हवा आणि तारांखाली एक जाडजूड लोहचुंबकी पिकअप. याच कंपनीची एल-५ ही १९२२ पासूनची मानाची गिटार. तिच्याशेजारी ही गरीबच दिसायची. पाठही सपाट ठेवलेली, कारण फुगीर पाठ कोरायला कारागिराचे तास लागतात आणि तासांचे पैसे पडतात.

१९३९ मध्ये तेवीस वर्षांचा चार्ली ख्रिश्चन ही गिटार घेऊन बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला. तोवर जॅझच्या ताफ्यात गिटारवाल्याचं काम मागे बसून ठेका धरण्याचं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गलक्यात त्याचा एकेक सूर ऐकू येणं शक्यच नव्हतं. ख्रिश्चनने सॅक्सोफोनसारखी लांब, सलग वाक्यं गिटारवर वाजवली आणि ती ऐकू आली. १९४२ मध्ये क्षयाने तो गेला. त्या पिकअपला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

म्हणजे इलेक्ट्रिक पोकळ गिटारच्या घराण्याचा मूळ पुरुष हाच मुळात ‘बजेट’ माल होता, आणि त्याच्या नावावरच किंमतीची चिठ्ठी होती.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. १९४९ मध्ये गिब्सनने ईएस-१७५ काढली, अर्थात पावणेदोनशे डॉलरला. तिची छाती अखंड लाकडातून कोरलेली नव्हती. मेपलचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून, साच्यात दाबून तिला आकार दिला होता. आपल्या भाषेत प्लायवूड. लाकडी वाद्यांच्या जगात प्लायवूड ही शिवी आहे. दुकानदार आवाज खाली आणून सांगतो, ‘साहेब, ही लॅमिनेटेड आहे.’ साध्या गिटारपुरतं ते खरंही आहे, कारण तिथे छातीचं लाकूड जेवढं मोकळं थरथरेल तेवढा आवाज खुलतो.

इलेक्ट्रिक पोकळ गिटारमध्ये मात्र हे गणित उलटतं. अ‍ॅम्पमधून आलेला आवाज हवेतून येऊन गिटारच्या छातीला हलवतो, छाती तारांना हलवते, पिकअप ते पकडून पुन्हा अ‍ॅम्पकडे पाठवतो आणि फेरा वाढत जाऊन सगळं ओरडायला लागतं. गावात सप्ताहाच्या मांडवात माईक कर्ण्यासमोर आला की जी शिट्टी बसते, तीच जात. छाती ताठ असेल तर हा फेरा उशिरा सुरू होतो, आणि प्लायवूड ताठ असतं. जो पास आणि पॅट मेथेनी यांचं नाव ज्या आवाजाशी जोडलं गेलं, तो याच दाबलेल्या पापुद्र्यांच्या ईएस-१७५ चा. काटकसरीचा निर्णय आणि आवाजाचा निर्णय इथे एकच निघाला. मी इंजिनिअरिंग शिकलो असल्यामुळे असेल, पण असे योगायोग मला कविता वाटतात.

या इतिहासात मी शिरलो तो चुलतभावामुळे. तो युसूफ वडगावात राहतो, शेती पाहतो आणि भजनात पेटी वाजवतो. गेल्या दोन वर्षांत मोबाइलवर बघून गिटार शिकला. सोयाबीनच्या पैशातले तीस हजार त्याने बाजूला ठेवले होते आणि त्याला पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार हवी होती, चिनी बनावटीची, नाव मोठं आणि मॉडेल खालच्या पायरीचं. ‘दादा, पैशाला पुरेल का? सांग फक्त.’ मी पुण्यात नोकरीला, गिटार थोडीफार येते, म्हणून घरात या विषयातला तज्ज्ञ मी. काकांनी फोटो पाहून आपला प्रश्न विचारला, ‘आरं, आतून पोकळच हाय की ही. मग एवढे पैसे कशाचे घेतेत?’

काकांचा प्रश्न थट्टेचा नव्हता. ते स्वतः सप्ताहात विणेकरी. सात दिवस वीणा खाली टेकू द्यायची नाही, पहारा बदलताना ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. अशा वाद्याचा भोपळा ते बोटाच्या पेराने वाजवून पाहतात आणि ‘भरलाय’ किंवा ‘मेलाय’ असा निकाल देतात. पोकळीला किंमत असते हे त्यांना माझ्याआधी ठाऊक आहे. ती किंमत नक्की कशाची, हे त्यांना हवं होतं.

याचं चांगलं उत्तर मला मिरजेत सापडतं. तिथे १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार आणि झिलई देणारं. हत्यारांचे दिवस सरत आले, मिरज संस्थानात गाण्याला आश्रय होता, आणि धातूवर बसलेला हात लाकडाकडे वळला. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि गावाचं नाव गाण्याशी कायमचं जोडलं गेलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतो. तो खायचा नव्हे, कडू. वेलावर नीट वाढू द्यायचा, वाळवायचा, मग कापून साफ करायचा. दांडी तुणीच्या लाकडाची. आता गंमत अशी की या दोन्ही गोष्टी उत्तम असल्या तरी तानपुरा बोलेलच असं नाही. त्याला बोलता करते ती जवारी. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा कानसने इतका हलका उतरता घासायचा की तार तिला टेकत टेकत थरथरेल आणि सूर पसरट, भरदार होईल. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून शेवटची जागा शोधायची. काम डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त होतं. वाजवून वाजवून घोडीला खाचा पडल्या की जवारी पुन्हा काढावी लागते. तानपुऱ्याच्या किंमतीतला मोठा भाग असा एका माणसाच्या हातात असतो, आणि तो दर काही काळाने पुन्हा मोजावा लागतो.

बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रूळांची गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेला. भोपळ्याचा मुलूख, कारागिरांचं गाव आणि निजामाच्या राज्यातला आमचा भाग एकाच अरुंद लोहमार्गावर आले. तरीही आमच्याकडच्या भजनात तानपुरा रुजला नाही, पेटी रुजली. मला याचं कारण अभिरुचीत दिसत नाही. मिरज लांब होती.

पेटीची हकीकत इथे पाहण्यासारखी आहे. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमधलं, १८४२ सालचं. मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवायची पेटी कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास घडवली. जाणकारांनी तिला नावं ठेवली, कारण तिचे सूर ठरलेले, त्यांना मींड नाही, श्रुतींचा पत्ता नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. या तीस वर्षांत आमच्या गावांतल्या भजनी मंडळांनी आकाशवाणीला विचारलं नाही. पेटी रोज जुळवावी लागत नाही. उन्हाळ्यात माळवदावर पडून राहिली तरी एकादशीला उघडली की वाजते. स्वरपट्टी बिघडलीच तर ती खरवडून सुरात आणणारा माणूस तालुक्याच्या गावी भेटायचा. दिल्लीने तिचा दर्जा तपासला, खेड्याने तिचा उपयोग तपासला, आणि दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर होते असं मला वाटतं.

आता चिनी गिटारकडे येतो. गिब्सनने १९५७ मध्ये आपली जुनी प्रतिस्पर्धी एपिफोन विकत घेतली. १९६१ मध्ये त्या नावाखाली कसिनो ही आतून पूर्ण पोकळ गिटार आली, ती बीटल्समधल्या तिघांनी, मॅकार्टनी, हॅरिसन आणि लेनन यांनी, वापरली. १९७० च्या सुमारास एपिफोनचं उत्पादन जपानला गेलं, तिथून कोरियात, मग चीनमध्ये. जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या इतक्या हुबेहूब नकला करू लागले की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या शाखेवर खटला भरला. तो आपसात मिटला आणि आयबानेझ स्वतःचे आकार काढू लागली. २००२ मध्ये तिने आर्टकोर ही चीनमध्ये बनणारी पोकळ गिटारींची स्वस्त मालिका आणली. आपल्याकडे तोवर आयातीचे दरवाजे जेमतेम उघडले होते. त्याआधी लहान गावच्या ऑर्केस्ट्रात दिसायची ती कोलकात्याची गिवसन, जिच्या नावातच गिब्सनचा उच्चार ऐकू येतो.

या स्वस्ताईत लाकडाचा वाटा लहान. प्लायवूड दाबायचा साचा एकदा बनला की दहावी आणि दहा हजारावी गिटार सारखीच निघते, खाचा संगणकावर चालणारं यंत्र पाडतं. म्हणून आजच्या स्वस्त पोकळ गिटारचं अंग सहसा चांगलंच असतं. बचत केलेली असते ती शेवटच्या दोन तासांत. पडद्यांची टोकं घासून गोल करणं, सगळे पडदे एका पातळीत आणणं, मानेच्या टोकाच्या पट्टीत तारांच्या खाचा नेमक्या खोलीच्या कापणं, ही सगळी हाताची कामं, म्हणजे गिटारची जवारीच. महागड्या गिटारमध्ये ती करून मिळते. स्वस्त गिटारमध्ये ती आपण करून घ्यायची असते.

म्हणून मी भावाला तपासायला जे सांगितलं त्याची विभागणी एकाच प्रश्नावर होती: हे नंतर दुरुस्त होतं का? मान पिळलेली आहे का, ती पेटीला जिथे जोडली तिथे भेग आहे का, छाती घोडीखाली बसली आहे का, हे दुरुस्त होत नाही. असं काही दिसलं तर रंग कितीही सुंदर असो, परत ठेवायची. पिकअप बदलता येतो, पडदे घासता येतात, खुंट्या नव्या बसवता येतात. पण पोकळ गिटारला मागे झाकण नसतं. आतला एखादा बटणाचा पॉट खराब झाला तर त्याला दोरा बांधून ‘एफ’च्या छिद्रातून बाहेर ओढायचा आणि नवा तसाच आत ओढून घ्यायचा. हे एकदा करणारा माणूस दुसऱ्यांदा दोनदा विचार करतो.

शिवाय यातल्या बऱ्याच गिटारींची घोडी छातीला स्क्रूने बसवलेली नसते, तानपुऱ्याच्या घोडीसारखी ती तारांच्या दाबावर उभी असते. ती सरकली की सगळे सूर सरकतात. बाराव्या पडद्यावर तार हलकेच स्पर्शून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर एक आला की घोडी जागेवर. भावाला हे समजावायला एक मिनिट लागलं. पेटीवाल्याचा कान होता.

राहिलं हवामान. केज तालुक्यातला मे महिना लाकडाचं पाणी ओढून घेतो. मानेची पट्टी आकसते, धातूचे पडदे आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं कानसीच्या दातांसारखी कडेने बाहेर येतात, बोट कापण्याइतकी. पुण्यात हे घासून द्यायला माणूस आहे. अंबाजोगाईला किंवा कळंबला कुणी असल्याचं मला आढळलं नाही. तीच गिटार, तीच किंमत, पण कारागीर चार गल्ल्या पलीकडे असेल तर ती स्वस्त आणि तो एका रात्रीच्या एसटीवर असेल तर महाग. इंटरनेटवरचा एकही परीक्षक हा हिशेब करत नाही, कारण त्याच्या शहरात कारागीर गृहीत असतो.

म्हणून मी त्याला दोन गोष्टी सुचवल्या. एक, पूर्ण पोकळ घेऊ नकोस, अर्धपोकळ घे. १९५८ च्या ईएस-३३५ पासून हा मधला मार्ग आहे. पेटीच्या मध्यातून लाकडाचा ठोकळा जातो, घोडी त्यात स्क्रूने पक्की बसते, आवाजाची थोडी हवा जाते, शिट्टी कमी बसते आणि मांडवातल्या भोंग्यासमोरही ती उभी राहते. दोन, तिसातले पंचवीसच गिटारवर घाल. उरलेल्या पाचात पुण्यात पडदे करून घेऊ आणि एक बारीक कानस, सँडपेपर आणि पडद्यांमधलं लाकूड झाकायची चिकटपट्टी तुझ्याकडे ठेवू.

कानस कशी धरायची ते त्या कारागिराने त्याला तासभर दाखवलं. अर्धपोकळ घ्यायचं मात्र त्याने ऐकलं नाही, पूर्ण पोकळच घेतली. गावी नेल्यावर काकांनी ती अ‍ॅम्पला न जोडता मांडीवर घेतली, पेराने छाती वाजवली, मग पाठ वाजवली.

‘भरलीय,’ म्हणाले. ‘पण भोपळ्यावानी नाही. पाटावानी.’

प्लायवूडचा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढला नव्हता.