मांडवीची चिठ्ठी

1997 सालापर्यंत रानपिंगळा या छोट्या घुबडाबद्दल जगाला जे ठाऊक होतं, त्याचा आधार म्हणजे सात कातडी. आत कापूस भरून शिवलेली, पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर जागा, तारीख आणि पक्षी मारणाऱ्याचं नाव. जिवंत पक्षी कुणी नीट पाहून लिहिलेलं जवळजवळ काहीच नव्हतं. त्यामुळे इतिहास लिहायचा तो या चिठ्ठ्यांवरून.

पहिली चिठ्ठी डिसेंबर 1872 ची. एफ. आर. ब्लेविट याने बसना-फुलझर भागात, म्हणजे आजच्या छत्तीसगडच्या पूर्व टोकाला, हे घुबड मारलं. ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमच्या हाती आलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच हा ह्यूम. 1873 मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्याच नियतकालिकात त्याने ही नवी जात म्हणून नोंदवली आणि तिला ब्लेविटचं नाव दिलं. पक्षी जेमतेम 23 सेंटिमीटरचा, गावातल्या नेहमीच्या पिंगळ्याहून किंचितच मोठा. पण माथ्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नाहीत, डोकं आणि पंजे थोराड, पंख-शेपटीवर ठळक पांढरे पट्टे. ह्यूमची वर्षानुवर्षांची पक्षीविषयक हस्तलिखितं पुढे सिमल्यातल्या घरातून चोरीला गेली आणि रद्दीच्या भावात विकली गेली. तेव्हा उरलेल्या कागदाच्या चिटोऱ्यालाही किती मोल, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी चिठ्ठी भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉलची, 1877 ची. जागा खरियार, आता ओडिशात. मग एकदम दूर पश्चिमेला उडी. जेम्स डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी तेव्हा खानदेशात नेमणुकीवर होता. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची लांबलचक यादी त्याने ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापली आहे. शहादा-तळोद्याच्या बाजूला त्याला हा पक्षी एकदा नव्हे, अनेकदा मिळाला. 1884 नंतर मात्र चिठ्ठ्या थांबतात.

अपवाद एकच. जागा मांडवी, तापीकाठ, गुजरात. तारीख 9 ऑक्टोबर 1914. नाव कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. सैनिक, गुप्तहेर, पक्षितज्ज्ञ आणि पक्ष्यांची हजारो कातडी ब्रिटिश म्युझियमला देणारा दाता. अशा माणसाच्या अक्षरावर कोण संशय घेणार? जातीची शेवटची नोंद 1914 ठरली, तिच्या प्रदेशाच्या नकाशावर मांडवी आली आणि शोधणारे तिकडे वळले. पक्षितज्ज्ञ सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनाही हा पक्षी सापडला नाही. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून पुढे आलेली काही छायाचित्रं साध्या पिंगळ्याची निघाली.

या कर्नलचं दप्तर संग्रहालयात आधीपासून खराब होतं, हे लक्षात घ्यायला हवं. परवानगीशिवाय नमुने नेल्याबद्दल त्याला पक्षिदालनात दीड वर्ष बंदी झाली होती. मरणोत्तर, 1993 मध्ये, अ‍ॅलन नॉक्स यांनी त्याच्या इतर काही नमुन्यांतली लबाडी छापून उघड केली. दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरील ग्रंथाचं काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांच्या हाती मांडवीचं कातडं आलं, ते या पार्श्वभूमीवर.

तारखेपासून सुरुवात करू. 16 ऑक्टोबर 1914 रोजी मुंबईहून पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर फौज निघाली आणि तिच्यासोबत माइनर्ट्झहागेन होता. म्हणजे चिठ्ठी खरी मानायची, तर महायुद्धावर निघण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी हा अधिकारी तापीकाठी घुबड टिपत होता. अशक्य नाही, शिकारीचा नाद लागलेली माणसं याहून विचित्र वागतात. तेवढ्यावरून निकाल देता येत नाही.

निकाल कातड्यानेच दिला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी क्ष-किरणांनी आतली रचना पाहिली आणि ती इतर कातड्यांशी ताडली. प्रत्येक संग्राहकाची शिवण्या-भरण्याची हातोटी वेगळी असते. मांडवीचं कातडं एकदा उसवून पुन्हा भरलेलं होतं, पण मूळ हाताच्या खुणा आत शिल्लक होत्या. तो हात डेव्हिडसनचा. खानदेशात मारलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, नव्याने शिवून, दुसरी चिठ्ठी बांधून परत आला होता. हा निष्कर्ष 1999 मध्ये ‘आयबिस’ या पक्षिशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्याचा उपयोग मात्र त्याआधीच झाला होता.

कारण मांडवी वगळली की उरतात तीन टापू: फुलझर, खरियार आणि खानदेश. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी आधी पूर्वेकडे शोध घेतला. तिथे काही मिळालं नाही. मग ते डेव्हिडसनच्या मुलखात आले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, बोडक्या फांदीवर रानपिंगळा उन्हात बसलेला होता. शेवटच्या विश्वासार्ह नोंदीनंतर 113 वर्षांनी.

सकाळी, हे महत्त्वाचं. घुबड म्हणजे रात्रीचा पक्षी असं सहसा गृहीत धरलं जातं आणि सात कातड्यांपैकी एकही ते खोडून काढू शकत नव्हतं. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या पुढच्या अभ्यासातून आणि इतरांच्या निरीक्षणांतून दिसलं, की रानपिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो, ओरडतोही दिवसा. सरडे-पाली हे त्याचं मोठं खाणं, शिवाय उंदीर. सागाच्या विरळ रानात, झाडाच्या ढोलीत तो घरटं करतो. माणूस, गुरं आणि कुऱ्हाडी पोचतात त्याच रानात. मेळघाटात तो सापडला, मध्य प्रदेशात खकनारच्या जंगलात सापडला, 2014 मध्ये मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यातही. 2018 मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’ वर्गात हलवलं. कारण पक्षी वाढले असं नव्हे, नोंदी वाढल्या.

गंमत पुढे आहे. दक्षिण गुजरातेत, डांगच्या पूर्णा अभयारण्यातही रानपिंगळा आढळला. मांडवी तिथून फार दूर नाही. उद्या खुद्द मांडवीच्या रानात तो दिसला, तर आश्चर्य वाटू नये. पण तेवढ्याने 1914 ची नोंद खरी ठरणार नाही. ती नोंद शहादा-तळोद्याकडच्या एका पक्ष्याची आहे आणि त्याच्या पायाची मूळ चिठ्ठी आजवर मिळालेली नाही.