शिक्षकाची वृत्ति आणि मुलाची विद्या

धर्मग्रामाची ज्युबिली म्हणजे केवळ देवळाच्या भिंतींचें स्मरण नव्हे. देवळाच्या छायेंत जी शाळा वाढते, तिचेंहि तें स्मरण होय. म्हणून ह्या प्रसंगीं आम्ही एका थोर शिक्षकाची कथा वाचकांपुढें ठेवितों.

संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल ह्यांचा जन्म १६५१ सालीं फ्रान्स देशांतील रॅंस शहरीं सधन कुळांत झाला. ते तेथील महामंदिराचे कॅनन होते. १६७९ सालीं गरीब मुलांची शाळा उघडण्याच्या कामीं त्यांनीं साह्य केलें. पुढें शिक्षकांना वळण लागावें म्हणून त्यांनीं त्यांना आपल्या घरीं राहावयास आणिलें. आप्तांना तें रुचलें नाहीं. आपणांस उद्यांची भ्रांत आहे, कॅननमहाराजांस मात्र नाहीं, असें शिक्षक म्हणूं लागले. तेव्हां १६८३ सालीं त्यांनीं तें पद सोडिलें, व पुढील दुष्काळांत आपली संपत्ति भुकेल्यांना वांटून टाकिली.

त्या काळीं शिक्षक एकेका मुलास जवळ बोलावून धडा देई. बाकीचीं मुलें रिकामीं बसत. दे ला साल ह्यांच्या शाळेंत सर्व वर्ग एकदम एकच धडा शिके. वाचनाचा आरंभ लॅटिन भाषेंत होत असे. त्यांनीं तो मातृभाषेंत केला. कारागिराचा मुलगा लवकरच कामास लागणार. न समजणाऱ्या शब्दांत त्याचीं थोडीं वर्षें कां दवडावीं?

त्यांच्या मृत्यूनंतर १७२० सालीं छापलेल्या शाळानियमांत मुलांच्या गैरहजेरीचीं कारणें दिलीं आहेत. त्यांत शिक्षकाचा रुक्षपणा हेंहि एक आहे. मुलगा शाळेंत येत नाहीं, ह्याचा दोष क्वचित् आपलाहि असेल, अशी कबुली शिक्षकाकडून घेणारा हा नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. छडी त्यांनीं सर्वस्वीं वर्ज्य केली नाहीं, हें खरें. पण ती क्रोधाच्या भरांत उगारूं नये, ह्याविषयीं त्यांचा कटाक्ष होता.

१९०० सालीं ते संतपदास चढले, व १९५० सालीं बाराव्या पायस पोपमहाराजांनीं त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते ठरविलें. आपलें मूल आळशी आहे असें म्हणण्यापूर्वीं आपण त्याच्याशीं कोणत्या भाषेंत व कोणत्या मुद्रेनें बोलतों, हें आपण सर्वांनीं, आम्हां धर्मगुरूंनीं तर आधीं, तपासून पाहावें. ज्युबिलीच्या वर्षीं एवढें साधलें तरी पुष्कळ झालें.