गायकाची वाडी : बेलोस्ग्वार्दो येथील कारूझोचे ग्रामजीवन

थोर गायकांच्या चरित्रांत रंगभूमीबाहेरील दिवसांसाठी एखादे प्रसन्न प्रकरण बहुधा राखून ठेवलेले असते. टाळ्यांच्या कडकडाटाला विटलेला कलावंत खेड्यात येतो, फळबागेत हिंडतो आणि साध्या माणसांत रमतो, असे त्याचे स्वरूप असते. हे चित्र खोटे असतेच असे नाही. परंतु ते क्वचितच पुरे असते. एन्रिको कारूझो (१८७३–१९२१) याच्या तस्कनीतील वास्तव्याचे उदाहरण या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे.

कारूझोचा जन्म नेपल्समधील एका कामगार कुटुंबात झाला. १९०२ मध्ये मिलान येथे झालेल्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणांनी आणि १९०३ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातील गायनाने त्याला अपूर्व कीर्ती व संपत्ती लाभली. या संपत्तीतून त्याने १९०६ मध्ये फ्लोरेन्सच्या पश्चिमेस, लास्त्रा आ सिन्या या गावावरील टेकडीवर, बेलोस्ग्वार्दो नावाचा सोळाव्या शतकातील वाडा भोवतालच्या जमिनीसह घेतला. वाडा मूळचा पुच्ची या फ्लोरेंटाइन घराण्याचा. गायिका आदा ज्याकेत्ती ही त्या काळी त्याची सहचारिणी होती; परंतु १९०८ मध्ये ती त्याला सोडून गेली, आणि ज्या घरात संसार मांडावयाचा ते घर बराच काळ धन्यावाचूनच राहिले. हिवाळाभर अमेरिकेत गावयाचे आणि उन्हाळ्यात सवड मिळेल तेव्हा येथे यावयाचे, असा कारूझोचा क्रम होता.

या वास्तव्याचे सर्वांत जिव्हाळ्याचे वर्णन त्याची पत्नी डोरोथी हिच्या १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आढळते. १९१८ मध्ये विवाह झाल्यानंतर पुढील उन्हाळ्यात ती दोघे बेलोस्ग्वार्दोला आली. तेथे कारूझो ख्रिस्तजन्माचा देखावा दुरुस्त करण्यात रमून जाई. असे देखावे मांडणे ही नेपल्सची जुनी प्रथा. सारांश, तस्कनीच्या टेकडीवर बसून हा गायक आपले बालपणीचे शहरच पुन्हा उभे करीत होता. ग्रामजीवनाच्या नावाखाली त्याने जे शोधले ते बहुतांशी खेडे नव्हते. ती विश्रांती होती, आणि गमावलेल्या घराची भरपाई होती.

खेडे मात्र तेथे होतेच, आणि त्याचे स्वतःचे नियम होते. तस्कनीत शेतीची मुख्य पद्धत मेझाद्रिया ही होती. आपल्याकडील अर्धेलीशी ती पुष्कळशी जुळते. कुळाचे कुटुंब मालकाच्या जमिनीवर, मालकाच्याच घरात राही. गहू, द्राक्षे, ऑलिव्ह यांचे निम्मे उत्पन्न मालकाला देई. शिवाय सणावारी कोंबड्या व अंडी पोचवी. मालक दूर असला तरी कारभारी हिशेब ठेवी. कुळाला कसण्याचा हक्क कायम नसे. करार मोडला की घरही सुटे. सिन्याच्या परिसरात याला आणखी एका धंद्याची जोड होती. दाट पेरलेल्या गव्हाचे काड कोवळेपणीच उपटून स्त्रिया त्याच्या वेण्या विणीत व त्यांपासून टोप्या बनत. मजुरी इतकी घसरली की १८९६ मध्ये या विणकरणींनी मोठा संप केला. कारूझोने वाडा घेतला तो अशा भूमीत, संपानंतर अवघ्या दहा वर्षांनी.

पहिल्या महायुद्धानंतर महागाई असह्य झाली. १९१९ च्या जुलैत फ्लोरेन्समध्ये दंगे उसळून दुकाने लुटली गेली आणि भाव निम्म्यावर आणण्याची मागणी झाली. त्याच उन्हाळ्यात बेलोस्ग्वार्दोच्या आवारातही जमाव शिरला व साठवलेले अन्नधान्य मागू लागला. कारूझो त्यांच्यापुढे गेला, त्यांच्याशी बोलला. साठा त्यांना नेऊ दिला, आणि जमाव निघून गेला. डोरोथीच्या कथनात हा प्रसंग शांत उन्हाळ्यातील एका विघ्नासारखा येतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तोच त्या उन्हाळ्याचा गाभा होय. ज्या कोठारांमुळे वाड्यातील जीवन संपन्न व निश्चिंत भासत होते, त्यांच्याकडे बोट दाखवून गावाने आपला प्रश्न विचारला होता. सप्टेंबरात कारूझो मेक्सिकोच्या दौऱ्यावर गेला. २ ऑगस्ट १९२१ रोजी नेपल्स येथे त्याचे निधन झाले.

यावरून कारूझोला जुलमी जमीनदार ठरवणे अन्यायाचे होईल. तो स्वतः कष्टकऱ्याचा मुलगा होता, आणि त्या दिवशी त्याने बळाचा आश्रय न करता संभाषणाचा मार्ग धरला. परंतु त्याचे औदार्य व्यक्तिगत होते, अर्धेलीची पद्धत व्यक्तीच्या औदार्यापलीकडची होती. ती पुढेही चालू राहिली. मेझाद्रियाचे नवे करार करण्यास इटलीत कायद्याने बंदी झाली ती १९६४ मध्ये, म्हणजे या गायकाच्या मृत्यूनंतर ४३ वर्षांनी.

२०१२ पासून बेलोस्ग्वार्दोत कारूझोचे संग्रहालय आहे. त्याचा आवाज तबकड्यांवर उरला आहे. ज्यांनी त्या टेकडीवरील द्राक्षे खुडली त्यांचा उरलेला नाही. आठवणींचे ग्रंथ साधन म्हणून हाताळताना त्यांतील रम्य प्रकरणांकडे अभ्यासकाने दुप्पट सावधपणे पाहावयास हवे, ते याचसाठी. लेखकाने ओझरता उल्लेख करून सोडून दिलेले एखादे वाक्यच पुष्कळदा त्या काळाची खरी साक्ष देत असते.