वॉशिंग्टन विशेष उड्डाण नियम क्षेत्र
अमेरिकेच्या राजधानीभोवतीचे, सुमारे ३० सागरी मैल त्रिज्येचे व १८,००० फुटांखालचे निर्बंधित हवाई क्षेत्र. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर आलेले हे निर्बंध २००९ मध्ये कायम झाले. खाजगी वैमानिकाने आत शिरण्यापूर्वी उड्डाण आराखडा नोंदवायचा, नियंत्रकाशी दुतर्फा रेडिओसंपर्क साधायचा आणि त्याने दिलेला चार अंकी संकेतांक ट्रान्सपॉन्डरवर लावायचा. एरवी सर्रास चालणारा १२०० हा संकेतांक येथे वर्ज्य. नवख्याची गफलत होते ती यापुढे: संकेतांक मिळाला म्हणजे आतल्या, अधिक कडक वर्तुळात जाण्याची मुभा मिळाली, असे मुळीच नाही. मे २००५ मध्ये या क्षेत्रात भरकटलेल्या एका दोन आसनी सेसना १५० विमानामुळे व्हाइट हाउस व संसदभवन रिकामे करावे लागले. वैमानिकाचा परवाना रद्द झाला.