संपीडन चिकित्सा, नीलाजन्य पादव्रणावरील
पायातील नीलांच्या (अशुद्ध रक्तवाहिन्यांच्या) विकारामुळे झालेली जखम पट्टीच्या बाह्य दाबाने बरी करण्याची पद्धत. नीलांतील झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, नीलांतील दाब वाढतो, सूज येते आणि बहुधा घोट्याच्या वर आतल्या बाजूस चिघळणारा व्रण पडतो. दाबपट्टीमुळे नीला आकुंचन पावतात, सूज उतरते आणि चालताना पोटरीचे स्नायू रक्त हृदयाकडे अधिक जोमाने ढकलतात. घोट्याशी सुमारे ४० मिमी. पारा इतका दाब देऊन तो गुडघ्याकडे कमी होत जाईल, अशी पट्टी बांधतात.

जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झिंक ऑक्साइडयुक्त लेपपट्टी प्रचारात आणली. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात चारपदरी पट्टी विकसित झाली.

उपचारापूर्वी घोटा व दंड येथील रक्तदाबांचे गुणोत्तर तपासतात. ते ०.५ पेक्षा कमी असल्यास, म्हणजे रोहिण्यांतील (शुद्ध रक्तवाहिन्यांतील) रक्तपुरवठा फार अपुरा असल्यास, दाबपट्टी टाळतात. अन्यथा ऊतकनाश होऊ शकतो. व्रण भरल्यावरही पुनरुद्‌भव टाळण्यासाठी दाबमोजे वापरतात.